बंदूक बघायची की माणूस

सप्टेंबर २००४, शुक्रवार, सकाळी अकरा. ग्रामपंचायत. हजर: सरपंच, तांड्याचे नाईक, माझा धाकटा भाऊ, आणि गावची पोलीस पाटील म्हणून मी. माझं माहेर-सासर याच गावात.

विषय: निवडणुकीआधी परवान्याच्या कोणत्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या. ठाण्याला गावाचं मत हवं होतं, आणि प्रत्येक परवानेदारापुढे माझा शेरा. परवाने तीनच. सरपंचांची बारा बोअर. नाईकांची आणि भावाची ठासणीची. सोयाबीन काढणीला आलेलं, रानडुकरं रोज वावरात.

नाईक म्हणाले, "ठासणीची भरायलाच पाच मिनिटं लागत्यात. तिच्यानं काय दंगा व्हनार? बारा बोअर घ्या, आमच्या राहू द्या."

"वा नाईक! म्हंजी मी एकटाच गुन्हेगार?" सरपंच म्हणाले.

मी म्हणाले, "बंदुकीचा प्रकार कशाला? माणूस बघा. उन्हाळ्यात वरातीत हवेत बार कुणी काढला?"

भाऊ उसळला. "व्हय, काढला. एकच. अक्का, तू काहून माझ्या मागं लागून राहिली?"

"भाऊबीजेला ओवाळणी कमी पडली वाटतं," सरपंच हसले.

बार खरा होता. पण मी बोलले ते त्यासाठी नाही.

बंदूक वडिलांची. दारू मोजायची मी, गजानं ठासायची मी. बाभळीला टांगलेला डबा मी पाडायचे. भाऊ कानांत बोटं घालून उभा असायचा. वडील गेल्यावर परवाना त्याच्या नावे झाला. अर्ज माझ्या अक्षरात, वारस म्हणून ना हरकतीवर सही माझी. मला हवी का, कुणी विचारलं नाही; मीही मागितली नाही. दर दसऱ्याला तो ती पाटावर मांडतो, झेंडू वाहतो, मला बोलावून नारळ हातात देतो. बंदूक देत नाही. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याशी धड बोलत नाही.

नाईक माझ्याकडे बघत होते. "पाटीलबाई, माणूस बघायचा, बराबर हाये. पण बघनाऱ्याची नजर कोण तपासनार?"

ठराव झाला: प्रकार सोडा, माणसागणिक शेरा पाटीलबाईंनी लिहावा. सरपंच आणि नाईकांपुढे 'वर्तणूक चांगली' तिथंच लिहिलं. भावाचं उद्या म्हटलं.

उद्या उजाडायच्या आत वरून हुकूम आला: सरसकट सगळ्या जमा करा. भाऊ पंधरवडाभर वावरात पत्र्याचा डबा बडवत होता. मला बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

बंदुका परत मिळाल्या. आता त्याच्या परवान्याचं नूतनीकरण आहे, आणि त्यालाही माझा शेरा लागतो. बार लिहिला तर परवाना जाईल. नाही लिहिला तर ते खोटं. आणि लिहिताना हात पोलीस पाटलाचा असेल की बहिणीचा, हे मला अजून ठरवता येत नाही.

कागद आठ दिवसांपासून टेबलावर आहे. नाव, वय, हत्याराचा प्रकार: भरलं. शेरा: बाकी.