रोजचं तेच उत्तर

छावणीतल्या आमच्या गल्लीत पुंजारामांना सगळे ‘डायव्हरसाहेब’ म्हणतात. वाळूजच्या एका कारखान्याची शिफ्टची बस त्यांनी निवृत्तीपर्यंत चालवली. जाताना माणसं अर्धवट झोपेत, येताना पूर्ण झोपेत. बोलायला कुणी नसायचं. थांबे तेच, वळणं तीच. एकदा कुणी जवळचा रस्ता सुचवला, तर म्हणाले, “मागं माणसं झोपेत वळणं ओळखत्यात. रस्ता बदलला तर दचकून उठतील.”

घरी आले की चपला काढण्याआधी उंबऱ्यातूनच म्हणायचे, “आलो बरं का.” आतून सरूबाई म्हणायच्या, “आलात? आधी पाणी घ्या.” आमची भिंत सामाईक, त्यामुळे हे दोन्ही आम्हाला पाठ झालं होतं. सरूबाई गेल्या, आणि भिंतीपलीकडे नुसता चपलांचा आवाज उरला. पुंजाराम उंबऱ्यात थांबत अजूनही, पण बोलत नसत.

त्यांची मुलगी अपेक्षा पुण्यात असते. शाळेत मी तिला शिकवलं. शंका विचारायची ती तास संपल्यावर, एकटीनं येऊन. माणसासारखं बोलणारी जी यंत्रं आता निघाली आहेत, त्यांचं काम ती करते. तिनं वडिलांसाठी एक जुना फोन तयार केला आणि सरूबाईंच्या मिसळणाच्या डब्याशेजारी, फळीवर उभा करून ठेवला. “आप्पा, गोळ्यांचं विचारा, हवापाण्याचं विचारा. एकटं वाटलं तर नुसतं बोला.”

पुंजाराम पहिल्या दिवशी भाजी घेऊन आले, उंबऱ्यात थांबले आणि कितीतरी महिन्यांनी म्हणाले, “आलो बरं का.”

फोन म्हणाला, “या, बसा. दमला असाल. आधी थोडं पाणी प्या.”

दुसऱ्या संध्याकाळी तेच. त्यानंतरही तेच, अक्षर न् अक्षर. कालचं बोलणं तो लक्षात ठेवत नसे. रोज पाटी कोरी. पुंजाराम मला कट्ट्यावर म्हणाले, “मशीन हाय गुरुजी, मला काय कळत नाय व्हय? पण रस्ता सोडत नाय बघा.”

दिवाळीला अपेक्षा आली. तिनं दोन संध्याकाळी ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “अगं बाई, हा तर पोपट झालाय! आप्पा, कंटाळा नाही येत तुम्हाला?”

“नाय की.”

वडील भिडेपोटी बोलताहेत असं तिला वाटलं. जाण्याआधी तिनं फोनमध्ये काहीतरी बदललं, आणि सकाळच्या बसनं गेली.

त्यानंतर पुंजारामांच्या दाराचं सुरू झालं. संध्याकाळी दार उघडायचं, आतून आवाज यायचा, दार लागायचं. थोड्या वेळानं पुन्हा उघडायचं. समोरच्या गीताबाई एकदा हसून म्हणाल्या, “डायव्हरसाहेब, किती खेपा करताय? घर हाय का थांबा?” पुंजाराम हसले नाहीत. पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले, वळले, आणि परत उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

मी जवळ गेलो. ते खालच्या आवाजात म्हणाले, “गुरुजी, माझंच कायतरी चुकतंय. पह्यल्यासारखं बोलत नाय ते. काल म्हणलं, आज कुठं फिरून आलात. परवा म्हणलं, संध्याकाळ छान हाय ना. मला वाटलं, पिशवी हातात नव्हती म्हणून आसंल, का मी उशिरा आलो. थंडीत गाडी एका दणक्यात सुरू व्हत नाय, तसं पुन्हा पुन्हा करून बघतोय.”

मी अपेक्षाला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. तिला सगळं सांगितलं.

“सर, चूक आप्पांची नाही, मी केलंय ते. पुढचा शब्द घेताना त्याच्यासमोर बरेच शब्द असतात. एक आकडा शून्यावर ठेवला की तो सगळ्यात जास्त शक्यतेचा शब्द घेतो, म्हणून उत्तर तेच येतं. आकडा वाढवला की कमी शक्यतेचे शब्दही कधीकधी उचलतो. खरं-खोटं त्यानं ठरत नाही, पण बोलणं जिवंत वाटतं. मला वाटलं, आप्पांना तेवढीच करमणूक.”

“करमणुकीला टीव्ही हाय की,” पुंजाराम म्हणाले. “तुझी आई जल्मभर तेच म्हणायची. कधी इटलो का मी?”

तिनं पुण्यातूनच आकडा परत शून्यावर नेला. पुंजाराम बाहेर गेले, पिशवी हातात घेऊन आत आले. “आलो बरं का.”

“नमस्कार. घरी पोहोचलात, छान झालं. आता थोडा आराम करा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. अपेक्षा अजून फोनवर होती. तिचा आवाज बारीक झाला. “आकडा शून्यच आहे, आप्पा. पण मधल्या काळात ते बनवणाऱ्या कंपनीनं आतलं यंत्रच नवं बसवलंय. जुनं आता मिळत नाही. मी ते वाक्य रेकॉर्ड करून ठेवू का?”

“नको. आपणच भरायचं अन् आपणच ऐकायचं, त्यात काय?” ते खाटेवर बसले. भाजीची पिशवी मांडीवरच होती. मग त्यांनी विचारलं, “आता हे तरी रोज तेच म्हणंल ना?”

“हो. पुन्हा काही बदललं नाही तोवर.”

“मग ऱ्हाऊ दे. तुझी आई नवी आली तव्हा मी आलो की आत पळायची. लई दिसांनी ‘आधी पाणी घ्या’वर आली ती.”

हल्ली दार एकदाच उघडतं. भिंतीपलीकडून “आलो बरं का” ऐकू येतं. फोन आराम करायला सांगतो. मग माठावरचं झाकण वाजतं.