लाल बाणाची वाट

आमच्या गावात बस येते ती परत जाण्यासाठीच. पुढे डांबरी रस्ता नाही. त्या शेवटच्या थांब्यासमोर बाणकाकांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. मी तेव्हा शेजारच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, त्यामुळे त्यांचं सगळं बरंवाईट एका भिंतीपलीकडून पाहिलं.

खरं नाव कुणी घेत नसे. डोंगरातल्या दगडांवर रंगाने बाण काढत फिरायचे, म्हणून बाणकाका. पठारावरच्या चार वाटा त्यांनी स्वतः सायकल दामटत शोधल्या आणि प्रत्येकीला एक रंग दिला. निळी म्हाताऱ्यांची, हिरवी पोराटोरांची, पिवळी नवराबायकोची. "तिच्यावर दोघांना शेजारी शेजारी चालवता येतं, म्हणजे भांडणही जाता जाता उरकतं," ते सांगायचे. लाल वाट कड्याच्या काठाकाठाने जायची. ती ते उठसूट कुणालाही देत नसत. आधी माणसाला दुकानासमोर दोन फेऱ्या मारायला लावत, ब्रेक कसा दाबतो ते बघत, मग ठरवत.

दुकानात हुकांना लटकवलेल्या सायकली, पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं आणि सोल्युशनचा वास. काकू गिऱ्हाइकाची उंची नुसत्या नजरेने मोजायच्या आणि सीट वरखाली करून द्यायच्या. पाना त्यांच्याच हातात जास्त शोभायचा.

दर सोमवारी दुकान बंद ठेवून काका लाल वाट फिरून येत. कुठे दगड घसरलाय, कुठे पाण्याने वाट खाल्लीय हे बघून जुने बाण खोडत, नवे काढत. एकवीस वर्षांत तो सोमवार चुकला नव्हता. मुलगी शहरात नोकरीला होती. बापाच्या कौतुकापोटी तिने चारही वाटा फोनवरच्या नकाशात चढवल्या. गर्दी वाढली, काकाही जरा फुलले.

त्या वर्षी लागोपाठ नऊ दिवस पाऊस लागला. उघडीप झाली आणि एका ऑफिसच्या मंडळींनी मंगळवारी हिरव्या वाटेवर जायला अठरा सायकली सांगितल्या. सोमवारी काका चेनला तेल देत, ब्रेकच्या तारा आवळत बसले.

"आज जात नाही?" काकूंनी विचारलं.

"आणि हे कोण करणार? मागच्या सोमवारी तर जाऊन आलो. कडा काय पळून चाललाय?"

बुधवारी सकाळी दोघी बहिणी आल्या. थोरली शाळेत शिकवणारी, धाकटी नुकतीच नर्सिंगची परीक्षा पास झालेली. धाकटीने दुकानासमोर अशा झोकात फेऱ्या मारल्या की काका हसून म्हणाले, "पोरी, तूच मला शिकवशील." आणि त्यांनी लाल वाट दिली.

दुपारी थोरली पायी परत आली. सायकल हाताने ढकलत होती आणि सारखी घंटी वाजवत होती. काकूंनी तिची बोटं घंटीवरून सोडवली तेव्हा कुठे ती थांबली.

"बाण होता," ती म्हणाली. "सरळ जा म्हणून बाण होता. ती पुढे होती. वळणापलीकडे वाटच नव्हती."

आम्ही दोर घेऊन गेलो. वाट दहा पावलं तुटली होती. धाकटीला वर काढेपर्यंत ऊन उतरलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली ती आपली रीत म्हणून. तुटलेल्या कडेला उपटून लोंबणारं गवत पार वाळलं होतं. म्हणजे कडा आज ढासळला नव्हता, त्याला तीनचार दिवस तरी झाले होते. हे काकांच्या ध्यानात आलं, तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

फौजदार जबाब घ्यायला आले.

"सोमवारी मी गेलो नाही, असं लिहा," काका म्हणाले.

"जायचा तुम्हाला कुणाचा हुकूम होता का?"

"नाही."

"मग काय लिहू, काका?" त्यांनी अपघात लिहिलं आणि कागद पुढे केला. काकांनी सही केली, पण खोट्या कागदावर करावी तशी.

गावाने तर त्यांनाच धीर दिला. होणारं का टळतं, म्हणाले. तो धीरच त्यांना आतून पोखरत होता. एकदा बोटाला पट्टी बांधून घेताना मला म्हणाले, "शिव्या कुणीच देत नाही रे. एकाने तरी द्यायला हवी होती."

बोट सोलवटलं होतं ते तारेच्या ब्रशने. चारही वाटांवरचे बाण ते घासून काढत होते. तीन आठवडे लागले. मुलीने नकाशातून वाटा काढल्या, पण तोवर त्या एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या फोनवरून तिसऱ्याच्या गेल्या होत्या. "बाबा, आता माझ्या हातात नाही राहिलं," ती फोनवर रडली.

लोक खालून स्वतःच्या सायकली घेऊन येऊ लागले. लाल वाटेच्या फाट्यावर काकांनी दगडांची भिंत रचली. लोक सायकली उचलून पलीकडे ठेवत. मग काका तिथेच खुर्ची टाकून बसू लागले.

"पुढे वाट तुटलीय, बाबांनो."

"फोनवर तर वाट दाखवतंय."

"ती मीच दिलेली आहे!"

"मग आता आडवं कशाला येता?" आणि जाता जाता एकजण दुसऱ्याला म्हणाला, "म्हाताऱ्याचं दुकान बसलंय, म्हणून जळतो."

दुकान बसलं होतं हे खरंच. काकू काही महिने एकट्या उघडत राहिल्या. पण गिऱ्हाईक कुठे जाऊ विचारी, आणि त्यांना काय सांगावं कळेना. शेवटी त्यांनी कुलूप लावलं.

वर्षाने थोरली बहीण आली. मी काकांचा डबा घेऊन फाट्यावर गेलो होतो, तेव्हा ती समोरच्या दगडावर बसली होती. काकांनी तिला सोमवारचं सगळं सांगितलं. अठरा सायकली, तेल, काकूंचा प्रश्न, स्वतःचं उत्तर. एक शब्द गाळला नाही.

तिने डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे मला कशाला सांगितलंत? वर्षभर मी डोंगराला शिव्या देत होते. त्याला देता येतात. तुम्हाला कशा देऊ? तुमच्याकडे बघून तेही होत नाही."

ती उठून चालायला लागली. बोलून मन हलकं होईल असं काकांना वाटलं होतं. त्यांचं तर झालं नाहीच, तिच्या पाठीवर मात्र नवं ओझं चढलं. ती उतारावरून दिसेनाशी होण्याआधीच हे त्यांना उमगलं. "चुकलो," एवढंच म्हणाले. मी डबा तसाच परत नेला.

त्या हिवाळ्यात थंडीने त्यांचे पाय सुजले, तरी ते फाटा सोडेनात. अखेर मुलगी येऊन दोघांना शहरात घेऊन गेली.

परवा काकूंचा फोन आला. म्हणाल्या, चौथ्या मजल्यावर राहतो, हे खाली उतरतच नाहीत. दारात कुणी पत्ता विचारला तर घाबरून आत येतात. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुला विचारायला सांगितलंय. तिकडून आता कुणी जात नाही ना?"

"नाही काकू," मी म्हटलं. "वाट बंदच झाली."

मी खोटं बोललो. त्याच सकाळी तिघे माझ्या खिडकीसमोरून सायकली मारत फाट्याकडे गेले होते. मी हाका मारल्या, पण त्यांच्या कानात गाणी होती.