नहेम्याच्या पुढचं पान

नगरहून पनवेलला निघालेली एसटी पुण्यापर्यंत जवळपास रिकामी होती, त्यामुळे दादाने दिलेल्या प्रश्नांची मला निवांत उजळणी करता आली. घरात मूर्ती किती? पोपचा फोटो आहे का? स्वतः शास्त्र (म्हणजे बायबल) वाचतात की फादर सांगतील ते ऐकतात? दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, निवृत्त पाळक (प्रोटेस्टंट मंडळीचा धर्मगुरू). त्याचा एकुलता एक मुलगा अमोल खारघरला नोकरी करतो. तिथे त्याचं पनवेलच्या ग्लोरियाशी जमलं आणि ग्लोरिया निघाली कॅथलिक. मुलगी हिंदू असती तर दादाने दोन महिने प्रार्थना करून होकार दिला असता. कॅथलिक म्हणजे भाऊबंदकी, आणि भाऊबंदकीतली भांडणं कशी चालतात हे मी तुम्हाला सांगायला नको.

साखरपुड्याला दादा-वहिनी येणार नव्हते, त्यांच्या वतीने मी निघाले होते. लग्नाला यायचं की नाही, हे मी परत जाऊन काय सांगते त्यावर ठरणार होतं. अमोल फोनवर मला एवढंच म्हणाला होता, "आत्या, बाबा आले नाहीत तरी मी लग्न करीन. पण ते लग्न केल्यासारखं वाटणार नाही."

आता माझ्याविषयी. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि दर रविवारी मंडळीतल्या मुलांना शास्त्र शिकवलं. शास्त्रातल्या सहासष्ट पुस्तकांची नावं मी झोपेतून उठवलं तरी टाळ्यांच्या तालावर म्हणून दाखवीन. तेव्हा पनवेलच्या कॅथलिकांना शास्त्राच्या बाबतीत गार करून यायचं, असा माझा मनातल्या मनात बेत होता. गर्वाचं घर खाली असतं म्हणतात. माझं तर तळमजल्यावरच होतं.

घाट उतरला तसा चष्म्यावर दमट हवेचा थर बसला. पनवेलच्या स्टँडवर उतरून मी रिक्षावाल्याला म्हटलं, खांदा कॉलनीत चर्चजवळ सोड. तो म्हणाला, "कुठलं चर्च मावशी, मेणबत्तीवालं की गिटारवालं?"

तीनशे पानांचा चर्चचा इतिहास त्या माणसाने दोन शब्दांत आटोपला. आमच्या नगरच्या चर्चमध्ये पेटी असते, असं मी सांगितलं. पेटीवालं इकडे नाय, असं म्हणून त्याने माझी पांढरी साडी आणि मोकळा गळा निरखला, आणि गिटारवाल्या बायकाही अशाच बिनदागिन्याच्या असतात म्हणून मला सरळ त्यांच्याकडे नेऊन सोडलं. तिथे ड्रमसेट जुळवणाऱ्या एका तरुणाने पत्ता सांगण्याआधी माझ्या दुखऱ्या गुडघ्यासाठी डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना केली. माणूस प्रोटेस्टंटच, पण मला तिथे पाहुण्यासारखं वाटलं. गुडघा मात्र जरा हलका झाला, हे कबूल करते.

ग्लोरियाच्या घरी दार उघडताच समोर पवित्र मरिया, तिच्या वर पोप आणि पोपच्या वर घड्याळ. दादाच्या दोन प्रश्नांची उत्तरं चपला काढायच्या आत मिळाली. ग्लोरियाचे वडील मिंगेलभाऊ बंदरात ट्रेलर चालवतात. आजी आग्नेसबाई मूळच्या उरणकडच्या. लुगडं नेटकं, डोळे मिश्कील. चहा हातात पडल्यावर मी आढेवेढे न घेता पोपचा विषय काढला. एका माणसाच्या शब्दावर एवढा विश्वास ठेवायचा कसा?

मिंगेलभाऊंनी त्यांच्या धंद्यातलं उत्तर दिलं. यार्डाच्या गेटवर सही करणारा माणूस एकच असतो. दहा जण सही करायला लागले तर कंटेनर जागचा हलायचा नाही. मी विचारलं, तो एक माणूस चुकला तर? मिंगेलभाऊंनी जरा विचार केला. तसं झालं तर माल भलत्याच गावाला जातो खरा, हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं, आणि आग्नेसबाईंनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. पोप उठताबसता बोलतो ते सगळं बिनचूक असं कुणी म्हणत नाही, श्रद्धेची शिकवण रीतसर जाहीर करतो तेवढ्यापुरतंच ते असतं, असा खुलासा ग्लोरियाने घाईघाईने केला. पोरगी हुशार आहे, ही नोंद मी मनात करून ठेवली.

मग आग्नेसबाईंची पाळी आली. तुमच्यात शास्त्राचा अर्थ कोण सांगतं, त्यांनी विचारलं. मी ताठ मानेने सांगितलं, आमच्यात प्रत्येकजण स्वतः वाचतो. नगरात तुमची चर्च किती, त्यांचा पुढचा प्रश्न. मी मोजू लागले. एकाची दोन कशी झाली आणि दोनाची चार कशी, हे सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला.

"म्हंजे आमचा पोप एक," त्या म्हणाल्या, "आनि तुमचा घरटी एक."

अमोल खिडकीकडे तोंड करून हसत होता. मी चहात बिस्किट बुडवलं आणि ते तुटून तळाशी गेलं.

दुपारी फादर आले. खोलीत माणसं दाटीवाटीने उभी राहिली, फोन वर झाले. मुलाची आत्या शास्त्र शिकवते असं कळलं आहे, तर वाचन तिनेच करावं, असं म्हणून फादरांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. आग्नेसबाई आपलं जाडजूड बायबल पुढे करत होत्या. मी हातानेच नको म्हटलं आणि पिशवीतून आईने दिलेलं माझं काढलं. दुसऱ्याच्या पुस्तकातून वाचायला मी काय नवशिकी होते?

चिठ्ठीत लिहिलं होतं, तोबीत, अध्याय आठवा.

मी चष्मा पुसला. तोबीत काही बदलला नाही. कॅथलिकांच्या बायबलात सात पुस्तकं जास्त असतात हे मी वर्गात अनेकदा तावातावाने सांगितलेलं होतं. ते ज्ञान माझ्यावरच उलटेल असं कधी वाटलं नव्हतं. ग्लोरिया हळूच म्हणाली, "आत्या, नहेम्याच्या पुढे." मी नहेम्या काढलं, पान उलटलं, एस्तेर आलं. परत उलटलं. मध्ये काहीच नव्हतं. आग्नेसबाईंचं पुस्तक मागून घ्यावं, तर जे आम्ही देवाचं वचन मानत नाही ते देवाचं वचन म्हणून मी वाचणार, आणि ते रात्रीच्या आत फोनवरून दादाकडे पोचणार. म्हणजे लग्न बापावाचून. न वाचावं, तर मुलीकडच्यांचा भर साखरपुड्यात अपमान.

"हे पुस्तक आमच्या शास्त्रात नाही," मी शेवटी म्हटलं.

मिंगेलभाऊंनी फादरांकडे पाहिलं. आता फादर बिशपांना विचारणार, बिशप रोमला विचारणार, आणि तोवर मी इथे उभी, असं माझ्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात आग्नेसबाई बोलल्या.

"नाय तं नाय. आदाम-एवा तुमच्यात हाय ना? मंग त्यांचा वाच. तोबीतच्या पोरानं पन लग्नाच्या राती त्यांचंच नाव घेतलंय."

फादर हसून मान डोलवून मोकळे झाले. मी उत्पत्तीचा दुसरा अध्याय वाचला, अगदी रविवारच्या शाळेतल्या आवाजात. मध्येच नव्या विमानतळावरून उठलेलं विमान डोक्यावरून गेलं. ते दूर जाईपर्यंत आदामला एकट्यानेच थांबावं लागलं.

जेवणात फुगे होते (मैद्याचे आंबवून तळलेले गोल गोळे) आणि बाटली मसाल्यातली कोंबडी. हा मसाला उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून हे नाव. मी सात फुगे खाल्ले. जास्तीच्या पुस्तकांमागे एकेक, असं अमोलने नंतर सगळ्यांना सांगितलं.

हात धुतल्यावर आग्नेसबाईंनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि आपलं बायबल पुढे ठेवलं. "आता वाच. कोन बगत नाय."

मी वाचलं. सारा नावाच्या मुलीचे सात नवरे लग्नाच्याच रात्री मेलेले. आठवा नवरा म्हणजे तोबीतचा मुलगा खोलीत जातो, आणि आधी तिला उठवून दोघं प्रार्थना करतात. मागणं साधंच आहे: आमच्यावर दया कर आणि आम्हाला बरोबर म्हातारं होऊ दे. मला रडू आलं. आमचे हे पन्नाशीतच गेले. आम्हाला बरोबर म्हातारं होता आलं नाही, आणि तसं मागायचं असतं हेही मला कुणी शिकवलं नव्हतं. आग्नेसबाईंनी भांडी घासता घासता नळ जरा मोठा सोडला. मी तेवढ्या ओळी डायरीत उतरवून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नगरला पोचले तर दादा अंगणात दाराशीच खुर्ची टाकून बसला होता. पोप आहे, मरिया आहे, माणसं मोठी गोड आहेत, मी सांगितलं. फोनवरचं वाचन त्याने ऐकलं होतं. मूळ काय वाचायचं ठरलं होतं, त्याने विचारलं. मी पुस्तकाचं नाव न सांगता डायरी काढून वाचून दाखवलं. दुसऱ्या ओळीलाच त्याने चष्मा काढला.

"तोबीत," तो म्हणाला.

तुला कसं ठाऊक, मी विचारलं. पाळक व्हायला शिकत होतो तेव्हा सेमिनरीच्या ग्रंथालयात वाचलं होतं, तो म्हणाला. "माझ्या लग्नात हिच्या हातात अंगठी घातली ना, तेव्हा मनात हेच म्हटलं होतं."

वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. तिचे केस आता पार पांढरे झालेत, त्याचे तर उरलेच नाहीत.

"एवढी वर्षं झाली," ती म्हणाली, "मला एकदाही सांगितलं नाहीत."

"आपल्या शास्त्रात नाही ना ते," दादा हळू आवाजात म्हणाला.

वहिनीने कप त्याच्या हातात दिला. "नसेना का. देवाने ऐकलं की."

मी अजूनही सहासष्टवालीच आहे आणि आग्नेसबाई भेटल्या की पोपवरून आमचं पुन्हा वाजणार, यात शंका नाही. पण पनवेलचा सगळा प्रवास मी ज्या उत्तरासाठी केला, ते वहिनीने उंबरा न ओलांडता दिलं. दादाने चहा संपवला आणि लग्नासाठी कोट इस्त्रीला टाकायचाय का, असं तिलाच विचारलं.