बांध उकरण्याआधी

“मॅडम, हाडं जुनी की नवी, एवढंच सांगा. आणि लिहून द्या.”

उपनिरीक्षकांनी वही पुढे केली. समोर प्लास्टिकचं घमेलं होतं. त्यात तांबड्या खापरांचे तुकडे आणि तान्ह्या बाळाची हाडं. बरगड्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या. येवल्याच्या पुढच्या एका गावात बबनरावांच्या रानात शेततळ्याचं काम चालू होतं. पोकलेनच्या बकेटमधून हे वर आलं, आणि कोणीतरी पोलिसांना फोन केला.

मला बोलावलं होतं तिथल्या हायस्कूलच्या जाधव सरांनी. ते माझे जुने विद्यार्थी. त्यांनी व्हॉट्सॲपवर खापरांचा फोटो पाठवला, तेव्हा मी इंदिरानगरमध्ये घरीच होते. लाल रंगावर काळ्या रेषा. मी चहा तसाच ठेवून गाडी काढली. आमच्या भागात तीन हजार वर्षांपूर्वी जी शेतकरी माणसं राहत होती, ती कुठून आली आणि गावं सोडून कुठे गेली, हा माझा अभ्यास. पुरातत्त्व संस्थेतल्या नोकरीची बावीस वर्षं त्यातच गेली. ती माणसं मेलेली बाळं दोन मडक्यांत ठेवत, मडकी तोंडाला तोंड लावून आडवी करत आणि राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. म्हणजे मला काय सापडलंय ते पाहताक्षणी कळलं होतं. खरं सांगायचं तर वाटेत मी मनातल्या मनात यावरच्या संशोधन-पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवलं होतं.

शेतात पोचल्यावर वेगळंच दिसलं. ओट्यावर बबनरावांची सून मनीषा भिंतीला टेकून बसली होती. बाजूला महिला पोलीस. नवऱ्याला जबाबासाठी चौकीवर नेलेलं. जाधव सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. गेल्या वर्षी मनीषाचं बाळ आठव्या दिवशी गेलं होतं. मुलगी होती. रीतीप्रमाणे बांधावर पुरली. कागद कुठलाच नाही. आता गावात कुजबुज होती, की मुलगी होती म्हणून काहीतरी केलं असणार, आणि हीच ती हाडं.

बबनराव पुन्हा पुन्हा सांगत होते, “साहेब, आमचं लेकरू तिकडं बांधाला हाय. हे आमचं नाय.”

“मग बांध उकरून बघावा लागेल,” उपनिरीक्षक म्हणाले. आवाज चढवून नाही, साधेपणानं. “पाच वाजता नायब तहसीलदार येतायत. तिथे हाडं निघाली तर तुमचं खरं.”

मनीषानं पदर तोंडाशी धरला. दुपारचे दोन वाजले होते.

मी डायरेक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, लॅबच्या रिपोर्टशिवाय एक ओळही लिहून द्यायची नाही, संस्थेचं नाव आहे. त्यांचं चुकत नव्हतं. हाडाचं वय काढायला नमुना लॅबमध्ये जातो आणि उत्तराला काही महिने लागतात. डोळ्यांनी पाहून हाड जुनं वाटतं, पण जमीन खारट असली तर नवं हाडही लवकर जुनं दिसतं.

मी उपनिरीक्षकांना म्हटलं की मडकी नक्की जुनी आहेत. त्यांनी लगेच विचारलं, “जुन्या मडक्यात नवं बाळ कोणी ठेवलं नसेल कशावरून?”

प्रश्न बरोबर होता. माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं विचारला असता तर मी खूश झाले असते.

उत्तर खड्ड्यातच होतं. जमिनीचे थर एकावर एक घातलेल्या गोधड्यांसारखे असतात. वरची न उचलता खालची हलवता येत नाही. जागेवरचं मडकं आणि त्याच्यावरची अखंड जमीन सापडली, तर ते नंतर कोणी पुरलेलं नाही हे सिद्ध होतं. पण हे मडकं पोकलेननं उचकटलेलं. वरचा थर त्याच्याबरोबर गेला होता. मला जागेवरचं दुसरं मडकं हवं होतं. एका घराखाली अशी दोन-तीन सापडतात. सापडतातच असं नाही.

मी बबनरावांकडून खुरपं घेतलं आणि डोक्याइतक्या खोल खड्ड्यात उतरले. खड्ड्याची उभी भिंत खुरप्यानं हलक्या हातानं तासत गेले. कमरेच्या उंचीवर पांढरट पट्टा दिसला. चुना घालून चोपलेली घराची जमीन. तिच्या कडेनं सरकत राहिले. साडेतीनला पट्ट्याखाली मडक्याचा गोल काठ लागला. वर पाहिलं, तर पट्टा नेमका तिथेच तुटलेला. उंदराचं बीळ. जाधव सरांना ते दिसलं नव्हतं, ते वरून म्हणाले, “मॅडम, झालं की.” मी म्हटलं, नाही झालं, इथली जमीन अखंड नाही.

गप्प बसले असते तरी चाललं असतं, कोणाला कळलं नसतं. तो विचार माझ्या मनात आला, हे लपवत नाही.

सव्वाचार. दुसऱ्या कोपऱ्यात खुरपं पुन्हा खापरावर वाजलं. दोन मडकी, तोंडाला तोंड. वर चोपलेली जमीन, तिच्यावर राखेचा थर, त्यावर आणखी एक जमीन, त्यावर काळी माती. कुठेही फट नाही, बीळ नाही. एका मडक्याचा कडेचा तुकडा सुटा झाला होता. तो काढला. आत तशीच इवली हाडं.

वर जीपचा आवाज आला. मी उपनिरीक्षकांना खाली बोलावलं. बूट काढून ते उतरले. त्यांनी बोट पांढऱ्या पट्ट्यावर ठेवलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेलं. मग वरचा पट्टाही तसाच.

“वरून कापलेलं नाही,” ते म्हणाले.

“नाही. आणि घमेल्यातली खापरं याच घडणीची आहेत, याच जमिनीखालची. त्यांना चिकटलेला चुना बघा.”

त्यांनी तुकडा उन्हात धरून पाहिला. “लिहून देता?”

मी जाधव सरांच्या वहीतल्या पानावर लिहून दिलं. संस्थेचं नाव घातलं नाही, माझं घातलं. नायब तहसीलदारांनी ते दोनदा वाचलं, खाली उतरून स्वतः पाहिलं आणि बांध उकरायची गरज नाही असा शेरा मारला. मनीषाच्या नवऱ्याला सोडायला सांगणारा फोन माझ्यासमोरच झाला.

मी हात धुवायला ओट्याकडे गेले, तेव्हा मनीषानं तांब्यानं पाणी घातलं. दिवसभरात ती पहिल्यांदाच बोलली.

“ती माणसं घरातच का वो पुरायची?”

आमच्या पुस्तकांत याची चार-पाच उत्तरं आहेत. मी म्हटलं, “नक्की कोणालाच माहीत नाही. जवळ असावं म्हणून, असं मला वाटतं.”

तिनं मान हलवली आणि उरलेलं पाणी माझ्या पायांवर घातलं.

संस्थेनं मला मेमो दिला. त्यानंतर पाच महिन्यांनी लॅबचा रिपोर्ट आला. हाडं सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची होती. मेमो मात्र मागे घेतला गेला नाही, तो फाइलमध्ये आहे. बबनरावांनी शेततळं दुसरीकडे खोदलं आणि त्या जागी आम्हाला रीतसर उत्खनन करू दिलं. पेपर छापून आला, शीर्षक वेगळं ठेवलं.

आता असा फोन आला की मी आधी विचारते, तिथे पोलिसांनी कोणाला बसवून ठेवलंय का. खापरांचा फोटो नंतर मागवते.