हात लागल्याशिवाय नाही

माझं डोकं लहानपणापासून गरम. आमचं चंद्रपुरात टेलरिंगचं दुकान आहे. अब्बा म्हणायचे, "माप घ्यायच्या आधीच तुझी कैची चालते!" पोहण्याच्या राज्य स्पर्धांतली सुवर्णपदकं माझ्या नावावर होती आणि हे मी कोणाला विसरू देत नसे.

पण एका वर्षी रिलेत मी घोळ घातला. शेवटच्या टप्प्याला मी होते. आमच्या संघातली तिसरी मुलगी भिंतीजवळ येत असताना माझी नजर शेजारच्या लेनवर. तिथली उडाली तशी मीही उडाले. आमच्या मुलीचा हात अजून भिंतीला लागायचा होता. संघ बाद! चौघींची वर्षभराची मेहनत मी एकटीनं मातीत घातली. आमच्या प्रशिक्षक सरांनी सांगून टाकलं, पुन्हा असं झालं तर रिलेचा संघच बंद.

पुढच्या वर्षी तिसऱ्या जागेवर भामरागडकडची एक माडिया आदिवासी मुलगी आली. नदीत पोहायला शिकलेली. सरावात मी तिच्यावर खेकसले, "लवकर ये ना वं!"

ती शांतपणे म्हणाली, "तू माह्या हाताकडे पाहतच नाईस. पुरात आमच्या नाल्यावर दोर बांधतात. समोरून येणारा काठाले लागल्याशिवाय इकडचा पाय टाकत नाई. टाकला तं दोघंबी जातात."

"आता तू मले शिकवतं का?" मी फणकारले. पण झोंबलं, कारण खरं होतं.

मग रोज सराव संपला की ती भिंतीकडे पोहत यायची आणि मी वर उभी राहून फक्त तिचा हात बघायची. कधी कधी ती मुद्दाम वीतभर अलीकडे थांबायची. मी फसून उडी मारली की खिदळायची, "गेलो वं, दोघीबी गेलो!" असा राग यायचा म्हणता! पण हळूहळू मी फसेनाशी झाले.

राज्य स्पर्धेच्या अंतिम फेरीला अब्बा दुकान बंद ठेवून आले होते. ती चौथ्या क्रमांकावर येत होती. शेजारच्या तिघी एकामागून एक उडाल्या. माझे पाय शिवशिवत होते. मी मान वळवली नाही. हात, फक्त तिचा हात. तो भिंतीला लागला आणि मी झेपावले. शेवटच्या काही मीटरमध्ये एकीला मागे टाकलं. आम्ही तिसऱ्या आलो.

"जरा आधी उडी मारली असती तर रौप्य होतं," मागून कोणीतरी म्हणालं. मी भांडायला वळलेच होते, तेवढ्यात तिनं माझा दंड धरला आणि ओरडली, "लागलो वं काठाले! चौघीबी लागलो!" मी तिथंच हमसून हमसून रडले. इतका अभिमान मला एकटीच्या कुठल्याच पदकाचा वाटला नव्हता.

माझी सगळी सुवर्णपदकं आजही पेटीत आहेत. दुकानाच्या भिंतीवर ते एकच कांस्य आहे. अब्बांनी स्वतः माप घेऊन तिथं खिळा ठोकला होता.