घोडा, बाई आणि ढाल

माझे वडील, आण्णा, तीस वर्षं कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी होते, त्यातली शेवटची बारा वर्षं टोळीचे मुकादम. सळ्यांच्या मोळ्या ट्रकवर चढवायच्या, पत्रे उतरवायचे, हे टोळीचं काम. कोण कुठल्या टोकाला खांदा देणार, हे मुकादमानं ठरवायचं. रिटायर झाले तेव्हा बाजार निदान चार दिवस तरी अडून बसेल, अशी त्यांची समजूत होती. बाजाराला पत्ताही लागला नाही. मग ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले आणि खालून जाणाऱ्या ट्रकांत माल कसा चुकीचा भरलाय, हे आईला सांगायला लागले. आई महिनाभरात वैतागली. यांना कसला तरी नाद लाव, असं तिनं मला फोनवर सांगितलं.

नाद माझ्याकडे तयार होता. मी खारघरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि दोन तासांच्या मधे मोबाईलवर युद्धाचा एक गेम खेळते. स्टाफरूममध्ये मी हे कबूल करत नाही. किल्ला बांधायचा, सैन्य वाढवायचं आणि सैन्यावर सरदार नेमायचे. गेममध्ये त्यांना हिरो म्हणतात. तीसेक खेळाडू एकत्र येऊन अलायन्स करतात आणि दुसऱ्या अलायन्सशी लढतात. आमची लीडर नेरूळची, दातांच्या डॉक्टरकीला शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी. तिला मी कधी भेटलेले नाही, पण घाबरते. तिला मस्का मारून मी आण्णांना आत घेतलं.

दोन महिन्यांत ते माझ्याहून लाडके झाले. टाइप करायचा कंटाळा, म्हणून सगळं व्हॉइस मेसेजवर. कुणाच्या किल्ल्यावर हल्ला झाला की मदतीला पहिले आण्णा. पुण्याचा एक इंजिनिअर त्यांना कंबरदुखीवर सल्ला विचारायचा. अलायन्सला ते टोळीच म्हणायचे. ट्रकवाल्यांच्या चुका काढणं बंद झालं आणि आई सुखानं सिरियल बघू लागली.

आण्णांना आठ महिने झाले असतील, तेव्हा गेममध्ये नवे हिरो आले, तीन. एक भालेवाला घोडेस्वार, एक तिरंदाज बाई आणि एक ढाल घेतलेला थोराड गडी. नवा हिरो फुकट मिळतो, पण त्याला तारे चढवावे लागतात, पुढचा प्रत्येक तारा आधीच्याहून महाग, आणि त्यासाठी महिनोन् महिने जमवलेले सोनेरी तुकडे खर्चावे लागतात. चार तारे झाले की त्याचं खरं कसब उघडतं. त्याआधी तो नुसता फोटोपुरता. आण्णांकडे आठ महिन्यांचे तुकडे होते, एका हिरोला चार तारे देण्याइतके. लीडरनं नियम काढला: रविवारपर्यंत ज्याच्याकडे चार ताऱ्यांचा एकही नवा हिरो नसेल, त्यानं अलायन्स सोडायची.

मी व्हिडिओ बघितले, तक्ते वाचले, दोन पानं टिपणं काढली. उत्तर सरळ होतं: सगळं घोड्यावर लावायचं. मी माझं लावलंसुद्धा. मग ती दोन पानं घेऊन कळंबोलीला गेले आणि जेवता जेवता आण्णांना समजावलं. त्यांनी चष्मा लावून तिघांना आळीपाळीनं बघितलं, मुकादम नवी माणसं बघतो तसं. ढालवाल्याचे खांदे त्यांना पसंत पडले. बाईची नजर चांगली, म्हणाले. घोडेस्वार तयारीचा आहे, पण मागे न बघता पळतोय.

मग त्यांनी विचारलं की बाकीच्या दोघांचं काय. मी म्हटलं, ते बसतील किल्ल्यात.

"उपाशी?" आण्णा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. आण्णा, ती चित्रं आहेत, असं मी जवळजवळ ओरडलेच. आईनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकून मला गप्प केलं.

गुरुवारी स्टाफरूममध्ये बसून त्यांचा किल्ला उघडून बघितला आणि कपाळावर हात मारला. माझी दोन पानं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आण्णांनी तुकड्यांचे तीन सारखे वाटे केले होते. घोड्याला दोन तारे, बाईला दोन, ढालीला दोन. एक ना धड, भाराभर चिंध्या. आणि गेममध्ये दिलेलं परत घेता येत नाही. मी तिथूनच फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. आठ महिने वाया घालवलेत, लीडर तुम्हाला काढणार, मग बसा परत गॅलरीत, इथपर्यंत गेले. ते शांतपणे बघू म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

रविवारी लीडरचा मला मेसेज आला. काकांना काढायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण आणखी दोघांनाही काढायचं होतं, मग काकांना सूट कशी देणार? मी उत्तर लिहितेय तोवर आण्णा स्वतःच बाहेर पडले होते. जाताना ग्रुपवर सांगून गेले की नियम सगळ्यांना सारखा पाहिजे, पोरीला कुणी बोल लावू नका.

पुढच्या शनिवारी गेले तर ते गॅलरीत. फोन आत टीव्हीजवळ ठेवलेला. गॅलरीवरून मी जे बोलले होते ते आठवून मला स्वतःची लाज वाटली, आणि रडूही आलं. मी माझा फोन त्यांच्या हातात दिला. म्हटलं, माझा घोडा पूर्ण आहे, तुम्ही माझ्या नावानं खेळा, कुणाला कळणार नाही.

त्यांनी फोन उलटा करून कठड्यावर ठेवला.

"तुझ्या दहावीच्या साली माझी पाठ धरली हुती, ठावं हाय का?"

मला एवढंच ठाऊक होतं की तेव्हा आण्णा काही दिवस घरी होते.

"काही दिस न्हाय, तीन म्हयनं. मी खाटंवर पडून. टोळीनं माझ्या वाटणीचा माल उचलला आन् माझा वाटा घरी पोचवला. कुनी एक शब्द काढला न्हाय. तवा तुझ्यासारखा हुशार मुकादम असता, तर म्हनला असता, पळतोय त्यालाच घाला. मग कुठलं कालेज आन् कुठलं काय."

आई आतून म्हणाली, तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं, अभ्यासावरचं लक्ष उडालं असतं.

त्याच दुपारी मी लीडरला कळवलं आणि अलायन्स सोडली. काढलेल्या त्या दोघांना शोधलं आणि आण्णांच्या नावानं नवी अलायन्स काढली. मला घेताना आण्णांनी माझे हिरो तपासले आणि घोडा सोडून बाकी सगळे असे वाळलेले का, म्हणून झाडलं. तेव्हापासून मीही तुकडे वाटून घालते. माझी ढाल आता तीन ताऱ्यांवर आली आहे.

आज आम्ही सतरा जण आहोत. पनवेलच्या एक आजी आहेत, दोन वेळा लॉग-इन विसरलेला एक जण आहे, आणि परीक्षा संपल्यावर दुसऱ्या नावानं बांधलेला आपला किल्ला घेऊन नेरूळची लीडरही आली आहे. जवळजवळ प्रत्येक लढाई आम्ही हरतो. आण्णा दुसऱ्या दिवशी कोण कुठं कमी पडला ते प्रत्येकाला सांगतात आणि पुन्हा उभं करतात. आजवर एकालाही त्यांनी काढलेलं नाही.