गोरेगावच्या जीपमधला रुमाल

बोलायला शिकवणाऱ्या बाई महिन्यातून एकदाच नांदेडहून हिंगोलीला यायच्या. अजून नीट न बोलणाऱ्या माझ्या लेकीला घेऊन मी गोरेगावहून माणसं नेणाऱ्या एका जीपवाल्याच्या गाडीनं जायची.

तो माणूस समोरच्याला बोलूच द्यायचा नाही. "काहून उशीर झाला ताई? बकऱ्या सोडायच्या राह्यल्या असतील, बराबर!" प्रश्न त्याचा, उत्तरही त्याचंच. मधूनमधून "हिंगोली, हिंगोली" अशी हाक आणि माणसं कोंबत "सरका, सरका" चालूच. लेकीनं नुसतं बोट केलं की पाण्याची बाटली तिच्या हातात.

एकदा मी म्हटलं, "भाऊ, बाई सांगत्यात, तिच्याऐवजी कुणी बोलायचं न्हाई. तिची वाट पाहायची."

"मी गप बसू? मंग गाडी कोण भरंल?" तो खो खो हसला.

पुढच्या महिन्यात गेलो तर जीप रिकामी. भरल्याशिवाय ती हलायची नाही, आणि बाई तर दुपारीच परतायच्या. त्यानं लेकीला उचलून बॉनेटवर बसवलं, स्वतःच्या तोंडाला रुमाल बांधला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. लेक त्याच्याकडे पाहत राहिली, मग रस्त्याकडे पाहून एकदम ओरडली, "इंगोई! इंगोई!"

साखरा गावचे एक म्हातारबा गाठोडं सावरत धावत आले. "थांब गं माय, मला बी हिंगोलीलाच जायचंय!"

त्यांच्यामागून आणखी माणसं आली. जीप भरली, तरी त्यानं रुमाल सोडला नाही. नुसते डोळे हसत होते. आणि माझी लेक सगळ्यांना ढकलत म्हणत होती, "सका, सका!"

हा शब्द काही बाईंनी शिकवलेला नव्हता.